सारजाबाईची चक्की आणि लग्नाची हळद

"आज चक्कीत बाहेरचं एक हळकुंड पडायचं न्हाई," तनुजा शेडच्या दारात आडवी उभी राहून म्हणाली, आणि हळकुंडांचं ताट घेऊन आलेली तिची चुलतसासू रुक्मिणीबाई जागच्या जागी पेटली.

"बाहेरचं? माझ्या दिव्याच्या लग्नाची हळद बाहेरची व्हय?"

रुक्मिणीबाईच्या मागं चार सवाष्णी नटूनथटून उभ्या होत्या, आणि त्यांच्याही मागं, मिशीवर हात फिरवत, तिचे यजमान उद्धवराव. गंमत बघायला आम्ही शेजारीपाजारी होतोच. भांडण असलं की आमच्या आळीत कामं आपोआप थांबतात.

चाकणच्या अलीकडं आमचं गाव. आता शेतं थोडी आणि कंपनीच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्याच उदंड. उद्धवरावांनी आपल्या वाट्याच्या जागेत खोल्या काढल्या, त्या भरल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली थोरल्या भावाची शेड. जागा दोघांत सामाईक. भाऊ वारला तशी त्याची बायको सारजाबाई तिथं हळदीची चक्की चालवत होती, हाताशी सून तनुजा. खत-औषध न मारलेल्या रानातलीच हळद ती दळायची. पिंपरीचा एक दुकानदार सगळा माल उचलायला तयार होता, पण सेंद्रियचं प्रमाणपत्र दाखवा म्हणाला. मग भावकी बसली आणि ठरलं, की यंदा प्रमाणपत्र मिळालं तर शेड राहील, नाही मिळालं तर पाडून खोल्या.

त्या प्रमाणपत्रासाठी तपासणीला मॅडम येणार होत्या त्या दिवशी. आणि नेमक्या त्याच सकाळी उद्धवरावांना लेकीची हळद दळायचा मुहूर्त सापडला. याला योगायोग म्हणायला आम्ही काही दूधखुळे नाही.

लग्नाची हळद घरच्या चक्कीवर सवाष्णींनी दळायची, ही आमच्याकडची रीत. तिला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. पण ताटातली हळकुंडं बाजारातली. कुठल्या रानातली, त्यावर काय मारलेलं, देव जाणे. ती चक्कीतून गेली आणि मॅडमच्या नजरेला पडली, की संपलं सगळं.

"चुलती, आपलं जुनं जातं हाय घरात," तनुजा म्हणाली. "धुऊनपुसून देते. पाटावर बसून दळा, मी पण हात लावते."

"जात्यावर दळायला आमी काय भिकेला लागलोय?" उद्धवराव मागून गुरकावले. "सामाईक जागेतली चक्की हाय. हक्कानं दळणार."

"जागा सामाईक हाय तात्या, चक्की न्हाई."

"बघा गं बायांनो," रुक्मिणीबाई सवाष्णींकडं वळली. "कालची आलेली सून शुभकार्याला आडवी येतीया. अक्का, तुमी तर बोला काही. का तुमचीच फूस हाय?"

सारजाबाई आत चाळणीपाशी बसली होती. सवाष्णी आल्या तशी ती आपणहून मागं सरकली होती. विधवा बाईनं लग्नाच्या हळदीला हात लावायचा नाही, ही दुसरी रीत. नवरा गेल्यापासून भावकीतल्या प्रत्येक लग्नात ती अशीच मागं सरकलेली आम्ही पाहिली आहे, आणि आम्हीही तिला कधी पुढं बोलावलं नाही.

तनुजाचा आवाज चढला. "आत्यांचा हात चालत न्हाई तुमाला, त्यांची चक्की चालती व्हय?"

रुक्मिणीबाईनं मग तनुजाला खांद्यानं ढकललं, आत घुसली आणि ताट उचलून चक्कीच्या तोंडाशी नेलं.

सारजाबाई उठली. दोन्ही हात तिनं त्या ताटात घातले आणि हळकुंडं घट्ट धरून ठेवली.

सवाष्णी दोन पावलं मागं हटल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

"अक्का, काय केलं तुमी ह्ये? माझ्या पोरीच्या हळदीला शिवलात?"

"शिवले," सारजाबाई म्हणाली. "आता दळतीस?"

रुक्मिणीबाईनं ताट दाराबाहेर आदळलं. दिव्या सारजाबाईच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. तिच्या हळदीला शिवलेले हात ती बाई पदराला पुसत राहिली, ते मी पाहिलं. मला राग आला तो उद्धवरावांचा. लेकीच्या लग्नाचं हत्यार करणाऱ्या बापाला काय म्हणावं?

एवढ्यात मॅडमची गाडी आली. दारात सांडलेली हळकुंडं पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उद्धवराव सगळ्यांच्या आधी पुढं झाले.

"मॅडम, आत जायचीबी गरज न्हाई. हितं गावभराचं दळण व्हतं. येईल त्याची हळद, येईल त्याची मिरची. नुसतं सेंद्रियचं सोंग हाय."

मॅडमनी तनुजाकडं संशयानं पाहिलं. तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. गावात खरं बोलणारं माणूस आता आणायचं कुठून?

पण रुक्मिणीबाईचा राग अजून उतरला नव्हता. नवरा काय बोलतोय याकडं तिचं ध्यान नव्हतं. मॅडम म्हणजे कुणी मोठी सरकारी बाई, हिच्यापुढं गाऱ्हाणं घातलं तर न्याय मिळेल, असं तिला वाटलं असावं.

"मॅडम, तुमीच सांगा, ही काय माणुसकी झाली? सख्ख्या पुतणीच्या लग्नाची हळद दळू दिली न्हाई यांनी. गावात कुणाचंच दळण घेत न्हाईत, वरीस झालं. पाटलाच्या घरची मिरची सुदिक माघारी धाडली. पर आमी घरची माणसं ना? आमालाबी तोच नेम?"

"गप की गं," उद्धवराव दातओठ खात म्हणाले.

"का गप बसू? या चौघी साक्षीला हायेत."

चौघींनी जोरजोरात माना डोलावल्या.

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं, चक्की उघडून पाहिली, डब्यांतून नमुने घेतले आणि चहालाही न थांबता गेल्या.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. शेड राहिली. उद्धवरावांनी बायकोशी बोलणं टाकलं आणि सारजाबाईच्या दारावरून जाताना थुंकणं सुरू केलं. दिव्याच्या लग्नाचं आवतण सगळ्या आळीला आलं, एक घर सोडून.

हळदीच्या दिवशी मांडव घातला तो शेडच्या भिंतीला लागूनच. बायका जमल्या, गाणी सुरू झाली. तनुजा सासूच्या तोंडाकडं पाहत म्हणाली, "आत्या, आजच्या दिवस चक्की बंद ठेवायची का?"

सारजाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"का? सुतक पडलंय का आपल्याला? पिंपरीचा माल जायचाय. लाव बटन."

त्या दिवशी मांडवातल्या बायकांना गाणी ओरडून म्हणावी लागली.