पालकभेट विधेयक

“कायद्यापुढे सगळे सारखे असतात,” वडील गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी फोन धाकट्याच्या पुढ्यात सरकवला. “थोरल्याला तू लाव. मी लावला की तो उचलत नाही.”

धाकटा बावन्न वर्षांचा होता. पण घरात दोनच मुलगे असले की धाकट्याला धाकटेपणातून निवृत्ती मिळत नाही. त्याचा चहा अजून अर्धा व्हायचा होता.

“काय सांगू त्याला?”

“काल बातम्यांत दाखवलं तेच. वेगळं राहणाऱ्या मुलांनी महिन्यातून एकदा तरी आईवडिलांना भेटायला यायचं. नाही आलं तर दंड. कायदाच आणला. आता कसा येत नाही बघतो.”

“बाबा, कायदा नाही झालेला. शुक्रवारी नुसतं विधेयक मांडलंय.”

“मांडलं म्हणजे आणलंच ना?”

“मांडलं म्हणजे मांडलं.”

“तुम्ही ऑफिसातली माणसं सरळ गोष्टीला फाटे फोडता,” वडील म्हणाले आणि दाढीचं सामान शोधायला उठले. वार मंगळवार होता. एरवी त्यांची दाढी शनिवारी होत असे.

धाकटा राष्ट्रीय सभागृहाच्या विधेयक शाखेत होता. सरकारची विधेयकं वरच्या मजल्यावर जात. तिथे गालिचा होता. सदस्यांनी हौसेने आणलेली खासगी विधेयकं तळमजल्यावर धाकट्याच्या टेबलावर येत. शुक्रवारी दुपारी, निम्मे सदस्य विमानतळाच्या वाटेवर असताना, ती मांडली जात. अध्यक्ष नाव पुकारत, सदस्य उभा राहून परवानगी मागे, उरलेलं सभागृह ‘हो’ म्हणे. मांडणीला विरोध करायचा नाही असा रिवाज होता; पाहुण्यांच्या पोराने गाणं म्हटलं की आपण नाही का मान डोलावत, तसा. मग सदस्याचा फोटो निघे आणि विधेयक कपाटात जाई. भटकी कुत्री, मिरवणुकीतला आवाज, जाहिरातीतला खोटेपणा, पोरांचं दप्तर, सगळ्या दुखण्यांवरचे उपाय त्या कपाटात पडून होते. धाकट्याच्या उभ्या नोकरीत त्यातला एकही कायदा होऊन बाहेर पडलेला नव्हता. हे तो गेली कित्येक वर्षं येईल त्याला समजावून सांगत आला होता, आणि सांगताना त्याला थोडा अभिमानही वाटत असे.

त्याने फोन लावला नाही. संध्याकाळी थोरल्याचाच आला.

“काय रे, हे पालकभेटीचं काय काढलंय तुम्ही?”

“आम्ही नाही काढलं दादा. एका सदस्यांनी...”

“ते असू दे. दंड म्हणे पगारातून कापणार?”

“कलम चारमध्ये तसं आहे.”

“म्हणजे आमच्या कंपनीला कळवणार?”

थोरला याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहत होता. दोन वर्षांत फिरकला नव्हता. भांडण झालेलं नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. आज नको, उद्या जाऊ, असं करता करता न येणंच अंगवळणी पडलं होतं.

इथे धाकट्याने नेहमीचं सांगायला हवं होतं: घाबरू नकोस, असली विधेयकं पुढे जात नाहीत. त्याने तोंड उघडलंही. पण समोर वडील उभे होते. गुळगुळीत दाढी केलेले, हात मागे बांधून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असलेले. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

“विधेयक सध्या सभागृहापुढे आहे,” धाकटा ऑफिसच्या आवाजात म्हणाला.

“म्हणजे काय रे?”

“म्हणजे प्रलंबित आहे.”

“मागच्या तारखेपासून तर लागू नाही ना करत?”

“तसं होऊ शकतं. उदाहरणं आहेत.”

एकूण एक वाक्य खरं होतं. कोर्टात शपथेवर सांगता आलं असतं. सरकारी नोकरीत माणूस दुसरं काही कमावो न कमावो, एवढी एक कला त्याच्या हाती लागतेच.

 

*

पहिल्या रविवारी थोरला आला. बसला न बसला तोच त्याने मोबाइल काढला. “बाबा, जरा तो आजचा पेपर धरा बरं. तारीख दिसू दे.”

वडिलांनी पेपर छातीशी धरला. पळवून नेलेल्या माणसाचा, तो जिवंत आहे हे कळवायला फोटो काढतात, तसा तो फोटो निघाला. फरक इतकाच, की वडील मनापासून हसत होते.

“भाऊजींना पावती देऊ का?” स्वयंपाकघरात बायकोने धाकट्याला विचारलं. “माल सुस्थितीत मिळाला म्हणून?”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. आणि आपल्याला काय आहे हो त्या कायद्यात? औषधं आपण आणायची, दवाखाने आपण करायचे.”

“कलम दोन. सोबत राहणाऱ्या मुलांना लागू नाही.”

“वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि चहा ओतला.

थोरला पाऊण तास बसला आणि बराच वेळ त्याच्या इमारतीतल्या पार्किंगबद्दल बोलला. दोन गाड्यांच्या मध्ये तिसरा कसा घुसवतो, वॉचमन कसा त्याला सामील आहे, वगैरे. पुढचा आठवडाभर वडील ते पार्किंग शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि रक्त तपासायला आलेल्या मुलीला सांगत होते. शेवटी शेवटी त्यात त्यांनी एक ट्रकही घातला.

पुढच्या महिन्यात थोरला पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला जेवायला थांबला. चौथ्या खेपेला तर फोटो काढायचा विसरून जिना उतरला आणि फाटकापर्यंत जाऊन परत आला. त्याच दिवशी त्याने विचारलं, “बाबा, ही पांढरी गोळी कशाची घेता?” वडिलांनी ती गोळी कशाची हे इतकं रंगवून सांगितलं, की थोरल्याने खुर्ची पुढे ओढली.

धाकटा दारात उभा राहून ते पाहत होता. माणसाला कशाचीही सवय होते, असा त्याचा हिशेब होता. मग बापाची का होऊ नये? विधेयक आणखी चारपाच महिने कपाटात सुखाने पडून राहिलं, की थोरला कायद्याशिवायही यायला लागेल. फक्त तेवढे दिवस त्याला कुणी हात लावायला नको. रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर तो आधी कपाट उघडून ते जागेवर आहे ना, बघून घ्यायचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावतात तसा.

*

“सोडत आहे शुक्रवारी,” शाखाप्रमुख बाई म्हणाल्या. त्या प्रत्येक गोष्टीला हरकत घेत, म्हणून मागून सगळे त्यांना हरकतबाई म्हणत. “सगळ्या खासगी विधेयकांच्या चिठ्ठ्या करा. एक निघेल, त्यावर चर्चा.”

“चर्चा हवीच का मॅडम? मागच्या अधिवेशनात राहून गेली होती.”

“म्हणूनच या वेळी हवी. का, तुमची काही हरकत?”

हरकत नव्हती, भीती होती. कपाटात पडलेलं विधेयक वर्षानुवर्षं जगतं; चर्चेला आलेलं संध्याकाळ बघत नाही. चर्चेत सगळे त्याची तोंड भरून स्तुती करतात, मंत्री सगळ्यांहून जास्त करतात, मग ‘सरकार या विषयाबाबत संवेदनशील आहे’ असं सांगून ते मागे घेण्याची विनंती करतात, आणि सदस्य मागे घेतो. हाही रिवाजच. वर ते सगळं टीव्हीवर दिसतं.

चिठ्ठ्या धाकट्यानेच केल्या, धाकट्यानेच डब्यात टाकल्या. चिठ्ठी वगळायची त्याची छाती झाली नाही. पण चिठ्ठी काढणारा अधिकारी नेहमी वरवरची उचलतो, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. म्हणून पालकभेटीची चिठ्ठी त्याने सर्वांत आधी टाकली, अगदी तळाशी, आणि तिच्यावर कुत्री, दप्तरं, मिरवणुका असं सगळं रचलं. आयुष्यात केलेली ही पहिली लबाडी. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

या वेळी अधिकारी नवा होता. त्याला निष्पक्षपाती दिसायचं होतं. त्याने सगळ्यांना डबा दाखवला, मग तो टेबलावर सपशेल पालथा घातला, उचलून बाजूला ठेवला आणि चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यावरची सर्वांत वरची चिठ्ठी उचलली.

“पालकभेट विधेयक,” त्याने वाचलं.

“तुम्हाला का घाम फुटलाय?” हरकतबाईंनी धाकट्याला विचारलं. “विधेयक तुमचं आहे का?”

“नाही मॅडम.”

“मग पंख्याखाली बसा.”

*

चर्चेच्या दिवशी धाकट्याने सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात विधेयक आणणाऱ्या सदस्याला गाठलं. सदस्य गोरेगोमटे, हसतमुख, हातात छोटी बॅग.

“सर, एक विनंती होती. विधेयक मागे घेऊ नका.”

“आपण कोण?”

“विधेयक शाखा.”

“अहो, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं व्हायचं? मागे नको घेऊ तर काय मतदान मागू? आपटेन की मी.”

“नाही, मतदान नको. नुसती लांबवा चर्चा. सहाला कामकाज संपतं. तोवर बोलत राहिलात, तर चर्चा अपुरी राहिली म्हणून विधेयक पुढच्या अधिवेशनात जातं. नियमात बसतं सर.”

सदस्याने घड्याळ पाहिलं. “सहाला कसं जमेल? साडेसहाचं विमान आहे माझं.” मग आवाज खाली आणून, जरा लाजत, ते म्हणाले, “आईकडे चाललोय. बरीच वर्षं जाणं झालं नव्हतं. पण हे विधेयक आणल्यापासून जो तो विचारतो हो, तुम्ही स्वतः कधी गेला होतात म्हणून!”

“शुभ प्रवास,” धाकटा म्हणाला.

चर्चा फार चांगली झाली. एका सदस्याला आईच्या आठवणीने बोलवेना, तेव्हा विरोधी बाकावरून पाण्याचा पेला आला. मंत्री म्हणाले, हा प्रश्न कायद्याचा नाही, काळजाचा आहे, आणि बाक वाजले. मग त्यांनी विनंती केली. सदस्य उठले, मंत्र्यांच्या भावनांचा आदर राखून विधेयक मागे घेत असल्याचं म्हणाले आणि बॅग उचलली. सभागृहाची परवानगी आहे? आहे. कर्मचाऱ्यांच्या बाकावर बसलेल्या धाकट्याला कळायच्या आत अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी वडील टीव्हीसमोरच होते.

“मंत्री काय बोलले रे! डोळ्यांत पाणी आणलं माणसाने.”

“त्याच्यापुढचं पाहिलंत का बाबा?”

“पाहिलं की. मागे घेतलं.” त्यांनी टीव्ही बंद केला. “सुधारून आणणार असतील. दंड वाढवून.”

“तसं होऊ शकतं,” धाकटा म्हणाला. “उदाहरणं आहेत.”

या वेळी उदाहरण एकही नव्हतं.

शनिवारी थोरल्याचा फोन आला. धाकटा तो घेऊन बाहेर जिन्यात गेला.

“मागे घेतलं ना रे ते?”

“हो.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“बरं झालं बाबा. डोक्याला ताप होता. मग उद्याचं काही जमेलसं दिसत नाही मला.”

“ये ना दादा. असाच ये.”

“असाच?” थोरल्याला खरोखरच कळलं नाही. “असाच म्हणजे? काही काम आहे का?”

“काम नाही. बाबा वाट बघतात.”

धाकट्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

“बघतो,” थोरला म्हणाला.

धाकट्याची सगळी नोकरी सरकारात गेली होती. ‘बघतो’चा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता.

रविवारी वडील इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. अकरा वाजले, बारा वाजले. बायकोने दोनदा गॅस बारीक केला आणि शेवटी बंद केला. एकच्या सुमाराला वडिलांनी मान वळवून धाकट्याकडे पाहिलं, घरात आणखी कुणी आहे का ते पाहावं तसं.

“तू बस की इथे,” समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून ते म्हणाले.

धाकटा बसला. वडिलांनी बराच वेळ विषय शोधला.

“तुझं ऑफिसात नक्की काम काय असतं रे?”

असं त्यांनी आजवर कधीच विचारलं नव्हतं. धाकट्याने घसा साफ केला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

पाच मिनिटांत संपलं.