सासूबाईंचं घोरणं

सासूबाईंच्या घोरण्यावर मी इतकी वर्षं इतके विनोद केले, की एक दिवस त्याच घोरण्यासाठी माझा जीव टांगणीला लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याचाच ताप बघितला असता.

मी नर्स आहे. एका छोट्या खाजगी सर्जिकल हॉस्पिटलात काम करते. खाली तपासणी, वर एक ऑपरेशन थिएटर आणि सहा खाटा. माणसं म्हणाल तर एक सर्जन, एक मी आणि एक मावशी. भूल देणारे डॉक्टर बाहेरून येतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं त्यांचं सगळं सामान बॅगेत, आणि हेल्मेट काढतानाच त्यांना पुढच्या हॉस्पिटलची घाई असते. आमच्या सर्जनच्या हाताला यश आहे, पण स्वारी कायम घोड्यावर. एक पेशंट थिएटरबाहेर आला की दुसरा आत. दुसऱ्याच्या वेळी हात धुऊन आत उभी मी. मग बाहेर आलेल्याजवळ कोण? मावशी, त्याही फरशी पुसून झाली असेल तर.

मावशी मायाळू, पेशंटच्या अंगावरचं पांघरूण दहादा सारखं करतील. पण त्यांचा एक पक्का समज होता: घोरतोय म्हणजे छान झोप लागलीय. भुलेतून बाहेर येणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याची जीभ मागे पडते, श्वासाची वाट अर्धी अडते आणि तो आवाज येतो. मध्यंतरी हर्नियाचा एक पेशंट असाच छान झोपला होता. मी टाक्यांचा दोरा घ्यायला बाहेर आले म्हणून त्याचे निळे पडलेले ओठ दिसले. तो वाचला, घरी गेला. मी मात्र त्या दिवसापासून विचारात पडले, की इथे राहावं की जावं. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलेलं होतं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात सासूबाईंना पित्ताशयातले खडे निघाले. ऑपरेशन माझ्याच हॉस्पिटलात करायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. "तू आहेस ना तिथे," म्हणाल्या, आणि विषय संपला. नवऱ्याला हायसं वाटलं. मला मात्र ते निळे पडलेले ओठ आठवले.

आमचं दोघींचं तसं विळ्या-भोपळ्याचं सख्य. भाजीतल्या मिठापासून पडद्याच्या रंगापर्यंत एका गोष्टीवर एकमत नाही. पण माझ्या रात्रपाळ्या चालू असताना माझी दोन्ही पोरं त्यांच्याच कुशीत वाढली, आणि ते त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यांना मी कुठल्या तोंडाने मावशींच्या भरवशावर टाकणार होते?

डॉक्टरांना वाटलं मी तारीख ठरवायला आले. घरचंच काम समजा, म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी त्यांना इथे आणणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या हातात काही कमी दिसलं का, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या हातात मी डोळे मिटून देईन. तुमच्या हातातून सुटल्यावर त्या कुणाच्या हातात असतील, तेवढं सांगा."

हर्नियावाल्याचं सगळं निभावलं होतं ना, असं ते पुटपुटले, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नसावं. मग काय केलं तर आणाल, असं विचारलं. मी सांगितलं, की पेशंट स्वतःचं नाव सांगेपर्यंत मी त्याच्या उशाशी बसणार आणि तोवर पुढचं ऑपरेशन सुरू होणार नाही. तुमच्या सासूबाईंसाठी तेवढं करू, असं ते म्हणाले.

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

भूलवाले वैतागतील, नातेवाईक कुरकुर करतील, दिवसाची ऑपरेशनं कमी होतील, हे सगळं त्यांनी बोलून घेतलं. मी नुसती मान डोलवत राहिले. शेवटी हो म्हणाले. दुसरा एखादा मालक असता तर मलाच दार दाखवलं असतं.

ऑपरेशन उत्तम झालं. घोळ मी घातला होता. आदल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटले होते, की घाबरू नका, आमच्या सासूबाई घोरतात, शेजारी तक्रार करून थकले. त्यामुळे खाटेवर आणल्याबरोबर त्यांनी सूर लावला तेव्हा मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढचा पेशंट ट्रॉलीवर तयार होता, त्याचा भाऊ जिन्यात येरझाऱ्या घालत होता. भूलवाले डॉक्टर म्हणाले, की या तर रंगात आल्या, घेऊ या का पुढचा? आणि खरं सांगते, मीही हसले. आवाज इतका घरचा होता, की मी स्टुलावरून अर्धी उठले.

तेवढ्यात घोरणं थांबलं.

घरी ते थांबलं की मी देव पावला म्हणते आणि कूस बदलते. इथे मी वळून पाहिलं. छाती आणि पोट जोरात खालीवर होत होतं, पण ऑक्सिजनच्या मास्कवर वाफ धरत नव्हती. हवा आत जातच नव्हती. मी दोन्ही हातांनी त्यांचा जबडा पुढे उचलला. भूलवाले डॉक्टर एका ढांगेत शेजारी आले. आधी काहीच नाही. मग एक लांब, घरघरता श्वास आला आणि मास्क पांढरा झाला. त्या वाफेसारखं सुंदर मी काही पाहिलेलं नाही.

पुढचा पेशंट घेऊ या, असं आता कुणी म्हणेना. सर्जन दारात उभे होते. ते आत आले, दुसरं स्टूल ओढलं आणि खाटेच्या पलीकडे बसले. आमच्या हॉस्पिटलात मी त्यांना पेशंटशेजारी बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. मावशी हसायच्या थांबल्या होत्या. घोरण्याचा आवाज आला की तुम्हाला हाक मारायची ना सिस्टर, असं त्यांनी हळूच विचारलं. आवाज आला तरी मारा आणि एकदम थांबला तरी मारा, असं मी सांगितलं.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी डोळे उघडले. मी वाकून विचारलं, "आई, तुमचं नाव काय?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. घशातून आवाज नीट फुटत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते.

"इतकी वर्षं एका घरात राहून तुला माझं नाव माहीत नाही?"

डॉक्टर खो खो हसले आणि मी रडायला लागले. नाव काही त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तरी पुढचा पेशंट घ्यायला हरकत नाही, असं आम्ही ठरवलं.

मोठ्या हॉस्पिटलला मी नाही म्हणून कळवलं. आता आमच्याकडे आणखी एक नर्स आली आहे. ती मिळेपर्यंत डॉक्टरांनी खरंच कमी ऑपरेशनं केली, आणि मधल्या वेळात कधी कधी स्वतः स्टुलावर बसले. मी त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, मलाच बसायला मिळतं.

परवा सुटीच्या दुपारी आम्ही पडलो होतो. पलीकडच्या खोलीतून आवाज सुरू झाला, भिंत हलेल असा. नवरा सवयीने मधलं दार लावायला उठला.

"अहो, राहू द्या उघडं," मी म्हटलं.