सरळ केलेली रेघ

स्वयंपाकघरात खणकन खाली पडलेले उलथणे अजून कोणी उचलले नव्हते. तव्यावरचे थालीपीठ एका बाजूने करपत होते.

मित्रांनो, मी त्या उलथण्याच्या मुठीचे जुने, कच्चे रेखाचित्र आहे. ओट्यावर डब्याखाली दबलेला एक कागद.

राजाजीनगरच्या या घरात माझा जन्म झाला तो कणकेतून. आजारानंतर संध्याबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा वाकेनासा झाला होता. आपले थालीपीठ आपणच उलटावे, एवढीच त्यांची इच्छा. त्यांचे पती सूर्यकांत यंत्रांचे आराखडे काढण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांनी कणकेचा गोळा पत्नीच्या मुठीत दाबला आणि उमटलेला आकार पेन्सिलीने माझ्यावर उतरवला. त्या ताठ अंगठ्याला टेकू मिळावा म्हणून माझ्या एका कडेला फुगवटा आला. त्याच्याजवळ तेलाचा डाग अजून आहे. फुगवटा कशासाठी, हे सांगणारा शब्द मात्र एकही नाही.

मग मुलगी मुग्धा मला हेब्बाळच्या आपल्या ऑफिसात घेऊन गेली. संगणकाच्या पडद्यावर मला उठाव मिळाला, सावली मिळाली. क्षणभर मी हरखले. पण तिथे अर्धाच आकार काढतात, उरलेला अर्धा संगणक आरशासारखा उमटवतो. तिने माझी सरळ बाजू निवडली, आणि फुगवटा नाहीसा झाला.

"अण्णा, तुमची रेघ इथे स्वल्प थरथरली बघा," संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडून ती हसत म्हणाली. "केली सरळ."

सूर्यकांतांनी पडद्यावर संथ फिरणारी देखणी मूठ पाहिली, मग स्वतःची बोटे. पत्नीचा अंगठा आठवण्याआधी त्यांना आपल्या हाताची लाज वाटली.

"सरी, ठीक आहे. पेन्सिलीचं वय झालं," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी एकदा जरी पाहिले असते!

आज ती मूठ वस्तू घडवणाऱ्या छपाई यंत्रातून छापून आली आणि उलथण्याला बसली. गुळगुळीत, निर्दोष. संध्याबाईंच्या हातात ती गरकन फिरली आणि निसटली.

त्याच मुग्धाला म्हणाल्या, "करपतंय. तूच उलट, बाई."

सूर्यकांतांनी मला डब्याखालून ओढले, डागावर बोट ठेवले. "मुग्धा, ही थरथर नव्हती गं. हा तुझ्या आईचा अंगठा होता."

मित्रांनो, एखादी वाकडी रेघ सरळ करण्यापूर्वी ती कोणासाठी वाकली आहे, एवढे विचारा. कागदाला उत्तर देता येत नाही. माणसे देतात, वेळेवर विचारले तर.

मुग्धाने गॅस बंद केला. "आई, हात दाखवतेस जरा?"

संध्याबाईंनी हात पदराखाली घेतला आणि त्या बाहेर निघून गेल्या.