टाकीच्या वळणापर्यंत

डोंगर चढायला दुसऱ्याची मदत कशाला लागते, असं मला आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. आधी मी समजावून सांगायचे. हल्ली वाफेच्या प्रेसखाली त्यांचा कोट सरकवते आणि म्हणते, एकदा चढून या, मग बोलू. कोणी चढून येत नाही. बोलायला मात्र सगळे येतात.

शहर संपतं तिथून एक रस्ता डोंगरावर जातो आणि मनोऱ्यापाशी थांबतो. बायकांमध्ये तो सर्वांत कमी वेळात सायकलने चढण्याचा विक्रम फार जुना आहे आणि तो मोडायचा हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. वर्षातून एका सकाळी तो रस्ता गाड्यांना बंद करतात, घड्याळ घेऊन पंच वर-खाली उभे राहतात, आणि ज्यांच्यात धमक आहे त्यांनी यायचं. मागच्या वर्षी धुकं पडलं आणि सगळंच रद्द झालं. या वर्षीची सकाळ हीच माझी शेवटची, कारण चाळिशी उलटल्यावर गुडघे आपलं ऐकत नाहीत.

विक्रमाच्या नियमात संघ चालतो. पुढे एक जण ओढतो, म्हणजे वारा अंगावर घेतो आणि वेग धरून ठेवतो. चढणारीने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं आणि डोकं बंद ठेवायचं. पुढच्याचे पाय भरून आले की तो बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. शेवटचा ओढणारा पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत नेतो आणि तिथून वर चढणारी एकटी. आमच्याकडे पहिला ओढणारा पोस्टमन, शेवटचा माझा दादा. दादाचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. एक बारीक चणीची नर्स राखीव होती. अकरा वर्षं दादाने मला टाकीपर्यंत नेलं आहे आणि स्वतः त्या वळणाच्या वर एकदाही गेलेला नाही. त्याचं काम तिथे संपतं, तो वळतो आणि खाली शेडकडे जातो.

या सगळ्यांवर अण्णा. जन्मभर बस चालवली, आता मोटरसायकलवर आमच्या मागून येतात. अण्णांचा एक नियम होता. सराव झाला की त्यांच्या शेडमध्ये चहा, आणि चहा घेताना प्रत्येकाने आपली चूक आपणच सांगायची. दुसऱ्याची चूक काढायला सक्त बंदी. दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुका सांगून आजवर एकही अपघात टळलेला नाही, असं अण्णांचं म्हणणं.

तर टाकीच्या वळणापाशीच आमचं घोडं पेंड खायचं. खालपासून सगळं सुरळीत. टाकी दिसायला लागली की दादा एकदम वेग वाढवायचा. मी त्याच्या चाकाला धरून राहायचा प्रयत्न करायचे आणि तिथेच माझा दम निघून जायचा. वळणानंतर मी चढायचे नाही, नुसती सायकल ढकलत असल्यासारखी वर पोचायचे. मग शेडमध्ये चहा. पोस्टमन म्हणायचा, सुरुवातीला मी झोपलो होतो. दादा कपात बघत म्हणायचा, "टाकीपाशी मीच घाई केली." गेल्या वर्षापासून दर वेळी हेच. अण्णा मान हलवायचे. मी म्हणायचे, माझं काही नाही. आणि खरंच काही नव्हतं, चूक त्याची होती आणि तो कबूल करत होता.

पण कबूल करून सुधारत कोण होतं? विक्रमाची सकाळ जवळ आली तसा माझा संयम संपला. अण्णांचा नियम गेला खड्ड्यात असं म्हणून मी एका दुपारी दादाच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक कपाटच. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, मध्ये मशीन, मशीनपलीकडे दादा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर वहिनी, पावत्या फाडत. गिऱ्हाईक गेल्यावर मी सरळ बोलून टाकलं.

"दादा, टाकी आली की तू वेग वाढवतोस. माझा दम तिथेच जातो. या वेळी शेवटी नर्स ओढेल. तू नको."

वहिनीचा हात पावतीवर थांबला. तिने दादाकडे असं पाहिलं की आता भांडण होणार असं मला वाटलं, आणि मी त्यासाठी तयारीनेच आले होते. दादाने मशीन बंद केलं, हातातल्या किल्लीवरचा कीस फुंकला आणि ती दिव्यासमोर धरून बघितली.

"बरं," तो म्हणाला. "अण्णांना मी सांगतो. तू बोललीस असं नको दिसायला."

एवढंच. मी भांडायला शब्द घेऊन आले होते ते सगळे तसेच परत घेऊन गेले. रस्त्यात मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. या माणसाने मला सायकल शिकवली, शाळेत असताना डबल सीट बसवून गावभर हिंडवलं, हे सगळं खरं. पण विक्रमाच्या सकाळी घड्याळ नाती बघत नाही.

शेवटच्या सरावाला पोस्टमन घड्याळ घेऊन वर थांबला होता आणि खालपासून नर्सच पुढे होती. मुलगी रात्रपाळी करून आलेली, तरी काय ओढलं तिने. वेग कुठे तसूभर वाढला नाही, कुठे कमी झाला नाही. मी तिच्या चाकामागे निवांत होते. मनात म्हणत होते, बघा, एवढी साधी गोष्ट होती. समोर टाकी दिसली. नर्सने वेग वाढवला नाही.

आणि माझा दम गेला.

तसाच. त्याच जागी. मांड्या भरल्या, छातीत हवा मावेना, आणि नर्सचं चाक माझ्यापासून एक हात लांब गेलं, मग दोन हात. ती बाजूला झाली तेव्हा मी तिच्या बरोबरीलाही नव्हते. वर मनोऱ्यापाशी पोचले तेव्हा वरच्या टोकाला थांबलेल्या पोस्टमनने घड्याळ मला दाखवायच्या ऐवजी खिशात घातलं.

शेडमध्ये चहा आला. पोस्टमनने आपलं काहीतरी सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही. मग नर्सने कप खाली ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "टाकीपाशी माझंच चुकलं बहुतेक. मी जरा घाई केली."

सरावभर अण्णा मोटरसायकलवर आमच्या मागेच होते. अण्णांना माहीत होतं की तिने घाई केली नव्हती. मलाही माहीत होतं. नर्सला तर माहीत होतंच. अण्णांनी नेहमीसारखी मान हलवली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. दादाचं वाक्य ती जवळपास जसंच्या तसं बोलली होती. माझ्या हातातला चहा मला एकदम नकोसा झाला. मी आजवर स्वतःला फार हुशार समजत आले होते, त्या मिनिटाला ते संपलं.

मी उठले आणि तशीच, सायकलच्या बुटांत टक टक करत, दादाच्या घरी गेले. वहिनीने दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली. दादा स्वयंपाकघरात पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"दादा, आता वेड पांघरू नकोस. माझे पाय संपलेत हे तुला माहीत होतं. वेग तू मुद्दाम वाढवत होतास."

बोलली ती वहिनी. म्हणाली, मुद्दाम नाही तर काय. यांचे स्वतःचे पाय काय विशीतले आहेत? टाकीपाशी जीव तोडून पळायचं आणि घरी येऊन टबात पाय सोडून बसायचं, गेल्या वर्षापासून हेच चाललंय. का, तर हिचं मागे पडणं झाकलं पाहिजे. मी म्हटलं सांगून टाका. तर हे मूग गिळून. आणि त्या दिवशी दुकानात येऊन ही यांनाच सुनावून गेली. वहिनीने झाकणी ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की ती गोल फिरत राहिली.

"तुला काय सांगणार होतो?" दादा हळूच म्हणाला. "गेल्या वर्षी मला कळलं. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी सायकल विकली असतीस. मी चुकतोय असं वाटलं तर तुला वाटत राहील, दादा सुधारला की जमेल. एवढं वाटलं तरी पाय चालतात कधी कधी. विक्रमाच्या सकाळी मी अगदी सरळ ओढणार होतो. म्हटलं, झालं तर झालं."

"आणि नाही झालं असतं तर?"

"तर मी चहाच्या वेळी म्हटलंच असतं की मी घाई केली."

मी त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि रडले. चाळिशी ओलांडलेली बाई सायकलच्या घट्ट चड्डीत स्वयंपाकघरात भोकाड पसरून रडतेय, हे दृश्य काही शोभेचं नव्हतं. वहिनीने मला टॉवेल दिला. तो दादाच्या पायांसाठी काढलेला होता, पण मी घेतला. रडून झाल्यावर मला खूप भूक लागली आणि मी त्यांच्याकडेच जेवले. जेवताना विचार करत होते. मला वर जाता येत नव्हतं हे नक्की. पण टाकीपर्यंत मी अजून कोणाच्याही तोडीस तोड होते, हेही तितकंच नक्की.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेडमध्ये, सराव नसताना, मी सगळ्यांना बोलावलं आणि माझी चूक सांगितली. पहिल्यांदाच सांगत होते, त्यामुळे फार लांबली. शेवटी म्हणाले की चढणारी नर्स. पोस्टमन ओढेल, मग दादा, शेवटी मी. नर्स नाही नाही म्हणायला लागली. ताई, ही सकाळ तुमची आहे, असं काहीतरी. मी तिला म्हणाले, माझी आहे म्हणूनच मी देतेय, आणि परत असं खोटं बोलून माझी चूक स्वतःवर घेतलीस तर चाकातली हवा सोडीन. अण्णांनी यावेळी मान हलवली.

त्या सकाळी धुकं नव्हतं. पोस्टमनने सुरुवात केली, मग दादा पुढे आला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे नर्स. दादा सरळ ओढत होता, एका वेगाने, आणि मला त्याची पाठ दिसत होती. आयुष्यभर हीच पाठ बघत आले. मग त्याने कोपर हलवलं, म्हणजे आता तू, आणि तो डावीकडे झाला. मी पुढे गेले. समोर कोणीच नव्हतं. नुसता रस्ता आणि वारा.

अकरा वर्षांत मी कधी शेवटच्या ओढणाऱ्याच्या जागी बसले नव्हते. मागे वळून बघायचं नसतं, वेग ढळतो. मला वाटलं होतं की पुढच्याला काही कळत नाही, तो आपला चाकं फिरवत असतो. पण मला सगळं ऐकू येत होतं. नर्सने गिअर बदलला त्याची टक्क. तिने पाण्याची बाटली काढली आणि परत ठेवली. एका चढावर ती नाकाने श्वास घेत होती ती तोंडाने घ्यायला लागली, तो क्षणसुद्धा. मी जरा वेग सांभाळला आणि तिचा श्वास परत जागेवर आला. तिला कळलंही नसेल. मला मात्र कळत होतं की दादाने काय काय ऐकलं असेल. मी मागे बसून जो जो श्वास घेतला, तो त्याने ऐकला होता.

टाकी आली. मी कोपर हलवलं आणि बाजूला झाले. नर्स माझ्याकडे न बघता वर निघून गेली. न बघणंच बरोबर असतं. मी उतरले आणि टाकीच्या कठड्याला टेकले. पाय थरथरत होते, पण त्यांची लाज वाटत नव्हती.

थोड्या वेळाने दादा खालून सायकल ढकलत आला आणि माझ्याशेजारी टेकला. मग वरून अण्णांचा फोन आला. अण्णा बोलत कमी आणि खोकत जास्त होते, पण शेवटी कळलं. विक्रम मोडला होता. थोडक्यात, पण मोडला होता. दादाने डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं. माझ्या मनात एक प्रश्न राहिला होता, तो मी विचारला.

"खरं सांग. माझा दम टाकीपाशीच जायचा?"

"टाकीच्या बराच आधी जायचा, छकुले. त्यापुढे तू नुसत्या हट्टावर चढायचीस." तो वर मनोऱ्याकडे बघत राहिला. "तो हट्ट मागून ऐकायला मिळायचा म्हणून तर मी ओढत होतो."