उसवलेली खोळ

मी एक जुनी चामड्याची खोळ आहे. माझ्या आत पुस्तके राहत नाहीत आणि पैसेही राहत नाहीत. माझ्या आत एका लहान कुऱ्हाडीचे पाते राहते. कुऱ्हाड कामाला लागली की मी रिकामी लोंबकळते, काम संपले की पुन्हा भरते. मित्रांनो, माझे आयुष्य एवढेच आहे. तरी सांगते, कारण मध्ये एक गोष्ट घडली.

मला जिने शिवले तिला सगळी वस्ती खोगीरवाली म्हणत असे. घराच्या पुढच्याच खोलीत तिचे काम चाले. खिडकीखाली लाकडी मेज, पत्र्याच्या डब्यात चामड्याला भोके पाडायच्या आऱ्या, मेणाचा गोळा आणि भिंतीला टांगलेले पट्टे. ती घोड्यांची खोगिरे शिवायची. तिचा नवरा डोंगरावरच्या जंगलवाटा मोकळ्या ठेवायचा. वाटेवर पडलेल्या फांद्या तोडणे, काटेरी झुडपे मागे सारणे, हे त्याचे काम. म्हणून तो फांदीवाला.

मी नव्हते तेव्हा फांदीवाला कुऱ्हाड उघडीच न्यायचा. कधी पट्ट्यात खोचून, कधी खांद्यावर टाकून. एकदा त्याचा सदरा धुताना खोगीरवालीचे बोट पाठीवरच्या एका चिरेतून आरपार गेले.

"अहो, हे काय?"

"फांदी लागली असेल."

"फांदीला एवढी सरळ धार असते होय?"

 तिने हात पुसले, एका मोडक्या खोगिराची बाजूची झडप काढली आणि मला बेतले. चामड्याचे दोन थर, आणि धार टाक्यांना भिडू नये म्हणून मध्ये तिसरी चिंचोळी पट्टी. पात्यावरून ओढून लावायला एक बंद आणि त्याला टिचबटण.

पहिल्या दिवशी मी फसले. मी कमरेला ताठ अडकवलेली असल्यामुळे चढ लागला की कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर आपटायचा. "वर जाईपर्यंत ढोल वाजत होता," तो घरी येऊन म्हणाला. मग खोगीरवालीने मला थोडे वर घेतले आणि पट्टा व मी यांच्यामध्ये एक लोखंडी कडी घातली. आता तो बसला की मी बाजूला सरायचे, चालू लागला की मागे लोंबायचे. धार नेहमी पाठीमागच्या बाजूला. निसरड्या जागी किंवा ओढा ओलांडताना तो पट्टा सोडून मला पाठपिशवीत टाकायचा. तोडता तोडता दोन पावले सरकायचे असेल, तर दांडा पात्याच्या अगदी खाली धरून हात खाली सोडायचा, धार अंगापासून दूर. खांद्यावर मात्र पुन्हा कधीच नाही. हे सगळे तिने त्याला शिकवले आणि त्याने कुरकुरत का होईना, ऐकले.

ती वर्षे चांगली गेली, असे म्हणायला हरकत नाही. डोंगरावरची माणसे मला हातात घेऊन बघत. त्याला कामावर ने-आण करणाऱ्या जीपवाल्याने तर "वहिनी, माझ्या कोयत्यालाही असलंच अंगडं शिवा" असा लकडा लावला होता. पावसाळा संपला की ती मला तेल चोळून सावलीत ठेवायची.

मग माझे बटण सैल झाले आणि टोकाचे काही टाके उसवले. पाते खालून डोकावू लागले. फांदीवाल्याने मला तिच्या मेजावर ठेवले.

"जरा बघशील का?"

"ठेवा तिथे. दुपारी करते."

त्या आठवड्यात घोडेवाल्याचे मोठे काम आले होते. माझ्यावर एक पट्टा पडला, मग दुसरा पडला. फांदीवाला रोज सकाळी निघताना मेजाकडे एकदा बघायचा आणि कुऱ्हाड पट्ट्यात खोचून जायचा. त्याने बघितलेले तिला दिसायचे. "आज नक्की करते," ती म्हणायची. तो म्हणायचा, "असू दे, घाई नाही."

तो पडला तेव्हा मी तिथे नव्हते. म्हणून ते मला सांगता येणार नाही. ओल्या पाचोळ्यावरून पाय घसरला आणि तो कुऱ्हाड खोचलेल्या बाजूवर पडला, एवढेच नंतर कानावर आले. मी होते ती मेजावर. त्या दुपारी खोगीरवालीने नुकतेच मला पट्ट्यांखालून ओढून काढले होते. दोरा मेणावरून फिरवला, पहिले भोक पाडून त्यात दोरा घातला, पुन्हा आरी उचलली, आणि दारात जीपवाला उभा राहिला. त्याच्या हातात फांदीवाल्याचा सदरा होता आणि सदऱ्यात काहीतरी गुंडाळलेले होते.

"वहिनी, चला. शुद्धीवर आहे तो. बोलतोय."

ती उठली. चार पावले चालली. मग जीपवाल्याने तिच्या मुठीतून आरी हळूच काढून घेतली आणि मेजावर ठेवली. सदऱ्यातली कुऱ्हाड त्याने मेजाखाली सरकवली.

जखम भरली, पण मांडीतली नस तुटली होती. पाऊल उचलवत नव्हते, आणि गुडघ्याखाली काही कळत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, जाणीव कदाचित येईल, कदाचित नाही. फांदीवाला आता पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसू लागला. एकदा कप कलंडून गरम चहा त्याच्या पावलावर सांडला. तो बाहेर बघत होता, तसाच बघत राहिला. खोगीरवालीने फडके आणून पाऊल पुसले, तेव्हा त्याने खाली पाहिले.

"भाजलं का?" तिने विचारले.

"मला काय माहीत," तो म्हणाला.

तिचेही काही निराळे नव्हते. आरी बोटात घुसली तरी ती शिवत राहायची. चामड्यावर लाल ठिपका दिसला की मग बोट बघायची. ती रडली नाही. तो चिडला नाही. "जेवण वाढलंय." "हं." "खिडकी लावू?" "लाव." एवढ्या बोलण्यावर ते घर चालत होते. मी अर्धवट शिवलेली, भोकात दोरा अडकलेली, मेजाच्या कोपऱ्यात पडून होते. तिने मला उचलले नाही आणि दूरही केले नाही. माझ्यावर धूळ बसली.

एकदा घोडेवाला आपल्या भाच्याबद्दल सांगत होता. चांगली नोकरी सोडून आला म्हणे. "आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली बघा त्यानं," तो बोलून गेला आणि मग त्याला कळले, आपण कुठे बसलो आहोत. त्याचा चेहरा पडला. खोगीरवाली दोरा ओढत राहिली.

"मांडीवर," फांदीवाला शांतपणे म्हणाला. "पायावर नव्हे."

 घोडेवाला आपले खोगीर घेऊन निघून गेला.

मग एका सकाळी फांदीवाल्याची धाकटी बहीण आली. ती रोपवाटिकेत काम करायची. वाटांचे काम आता तिला मिळाले होते.

"दादा, तुझी कुऱ्हाड नेऊ? उद्यापासून मीच जातेय वर."

"ने की. मेजाखाली आहे."

धाकटीने वाकून गाठोडे ओढले. सदरा सोडला. पात्यावर गंज चढला होता, गंजाखाली काय होते ते कोणी बघितले नाही. तिने कुऱ्हाड उचलली आणि सवयीने पट्ट्यात खोचायला गेली.

"थांब," खोगीरवाली म्हणाली.

तिने हात लांब करून मला घेतले. धूळ झटकली. भोकातला जुना दोरा काढला, नवा घेतला, मेणावरून फिरवला. सुई भोकाशी नेली आणि थांबली. 

"त्या दिवशी मी हीच शिवायला घेतली होती," ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता.

"माहीत आहे. जीपवाल्यानं सांगितलं. तुझ्या हातात आरी होती म्हणाला."

"सकाळी घेतली असती तर..."

"सकाळी मी मागितली असती तर," तो म्हणाला. "तुझ्यापुढे एवढा ढीग. म्हटलं, कशाला टुमणं लावायचं. आणि रोज तशीच नेत होतो, काही होत नव्हतं."

 सुई भोकात जाईना. फांदीवाल्याने खुर्ची मेजाकडे ओढली, पाय हाताने उचलून बाजूला ठेवला आणि माझे दुसरे टोक दोन्ही हातांनी घट्ट धरले. तिने सुई घातली. तो धरून राहिला, ती शिवत गेली. 

शिवून आणि बटण घट्ट करून झाल्यावर तिने मला धाकटीच्या कमरेला बांधले. धाकटी उंचीने कमी, त्यामुळे मला आणखी वर घ्यावे लागले. तिला खुर्चीवर बसवले, स्टुलावर चढायला लावले, वाकायला लावले.

"दांडा टोचतोय कुठे?"

"नाही वहिनी."

"धार मागे," फांदीवाला म्हणाला. "ओढा आला की पट्टा सोडून पिशवीत टाक. कंटाळा आला तरी. दुसऱ्याला देताना दांडा पुढे कर, आणि तो 'धरली' म्हणेपर्यंत सोडू नकोस."

"बरं."

"आणि उसवली, तर मागून घे. वहिनी कामात आहे म्हणून गप्प राहू नकोस."

"बरं, दादा."

खोगीरवालीने मेजावरचे तुकडे गोळा केले. त्याचा चहा गार झाला होता, तो तिने गरम करून आणला आणि या वेळी कप त्याच्या हातात दिला. मग लगेच कामाकडे न वळता ती त्याच्याशेजारी बसली.

तेव्हापासून मी धाकटीबरोबर डोंगरावर जाते. फांदीवाल्याच्या पायात अजून जाणीव आलेली नाही. तो आता मेजाशी बसून टाक्यांसाठी भोके पाडून देतो. परवा माझी लोखंडी कडी झिजून पातळ झालेली धाकटीला दिसली. ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. वाटेतूनच परत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, हातातलं ठेव. ही आत्ता हवी आहे." खोगीरवालीने हातातले खोगीर खाली ठेवले. फांदीवाल्याने डब्यातली नवी कडी शोधून काढली.

मित्रांनो, धारेची वस्तू झाकून न्या, धार आपल्यापासून आणि दुसऱ्यापासून दूर ठेवा. हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला एवढेच जास्तीचे सांगायचे आहे. खोळ उसवली असेल, तर ज्याच्या हातात सुई आहे त्याला सांगा. तो कामात असेल. तरी सांगा.