हौशीरामची हाक

कुसगावची मुक्ता लोणावळ्यात लीलाबाईंच्या बंगल्यावर भांडी घासायला जाई, ती काही नुसत्या पगारासाठी नव्हे. तिथं रेडिओ होता. नवरा हौशीराम पलटणीत भरती होऊन मलायाला गेला आणि सिंगापूर पडल्यापासून त्याचा ठावठिकाणाच लागेना. परक्या मुलखातलं कुठलंसं केंद्र पकडलेल्या शिपायांची नावं सांगतं, असं कानावर आलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? पहिल्या दिवशी मोरीतल्या भांड्यांच्या खडखडाटात, मान खाली घालून तिनं ते एकदाच सांगितलं होतं. "बाई, ह्ये नाव आलं तर मला हाळी द्या."

लीलाबाईंचा रेडिओ सकाळी लागायचा तो पार झाकड पडेपर्यंत. बातम्या, गाणी, बाजारभाव, परत बातम्या. मधे गाडीनं वर्तमानपत्र यायचं, तेही त्या मोठ्यानं वाचायच्या. एखादं नाव निसटायला नको म्हणून मुक्ता सगळंच ऐकायची. कुठं बाँब पडले, कापूस काय भावानं गेला, तान्ह्या लेकराला कसं न्हाऊ घालावं. तिची स्वतःची लेक तेव्हा सासूच्या हातून न्हात असे.

"किती ऐकशील गं? माझंसुद्धा डोकं भणभणतं," लीलाबाई म्हणायच्या. पण बटण त्याही बंद करायच्या नाहीत.

लेक चंपी तीन वर्षांची. बाप गेला तेव्हा पोटात होती. दिवा लागला की मायलेकींचा एक खेळ चाले. हौशीराम शेतातून परतताना बांधावरूनच हाक द्यायचा, "मुक्ते, चूल पेटली का गंऽऽ?" शेवटचा 'गं' लांबवून, जरासा हसत. मुक्ता ती हाक हुबेहूब काढायची आणि चंपी खुदखुदायची. बापाचं म्हणून एवढंच पोरीच्या वाट्याला आलं होतं.

त्या दिवशीही चंपीनं विचारलं, "आये, बा हाक कशी मारायचा?"

मुक्तानं हाक काढली. चंपी हसली नाही.

कोपऱ्यात तांदूळ पाखडत बसलेल्या सासूनं, बयाबाईनं, सूप थांबवलं. "आसा न्हाई बोलायचा माझा हौशा. ह्यो तुजा रेडूवाला बोलतोय."

"काहीतरीच, आत्याबाई!" मुक्तानं परत काढली. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, कागदावरून वाचल्यासारखा. तिनं डोळे मिटले. बांध दिसला, बैल दिसले, खांद्यावरचं घोंगडं दिसलं. हौशीरामचं तोंड उघडलेलंही दिसलं. आवाज मात्र त्या पेटीतलाच.

"तुमी काढा की, आत्याबाई. तुमी कुटं रेडू ऐकता?"

"मी न्हाई."

"एकडाव. पोरीसाटनं."

"गेलेल्या मान्साची हाक काढू न्हाई, पोरी."

सूप पुन्हा हलू लागलं. मुक्ता त्या सुपाकडं बघत राहिली. म्हातारीनं त्याला मनातून कधी वाटेला लावलं होतं, कोण जाणे. मुक्ताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कानात कापसाचे बोळे घालूनच बंगल्यावर गेली. भांड्यांचासुद्धा आवाज येईना. त्या शांततेत कुठूनतरी तो 'गं' परत येईल म्हणून ती राख हातात धरून थांबली. मग दारातून लीलाबाई दिसल्या, रेडिओपाशी कान नेऊन बसलेल्या. नावं तर नसतील? आज, नेमकी आजच?

तिनं बोळे ओढून काढले. गुळाचा भाव चालला होता.

बोळे तिनं राखेत टाकले आणि पातेलं घासायला घेतलं. त्यानंतरच्या बातम्याही ऐकल्या.

संध्याकाळी घराच्या वळणावर चंपी उभी होती. आईला पाहताच ताठ झाली, हनुवटी वर केली आणि आदल्या दिवशी ऐकलेलं तसंच म्हणाली, "मुक्ते. चूल पेटली का गं."

सुटे, स्वच्छ शब्द. मग आई हसते का, म्हणून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय, पेटली," मुक्तानं ओ दिली आणि पोरीला कडेवर उचललं. घरात चूल अजून थंडच होती.