कपाटामागची जागा

शाळेच्या ग्रंथालयाचं नवं रूप कागदावर फार देखणं दिसत होतं. व्हरांड्याच्या बाजूला भिंतीऐवजी काच, पुस्तकांसाठी कमरेएवढे रॅक, मधोमध बसायला गोल गाद्या. आराखडा माझ्या भाचीचा. इंटिरियर डिझायनर झाल्यापासून कुठलीही भिंत दिसली की तिचे हात शिवशिवतात. मोठ्या सरांची, म्हणजे मुख्याध्यापकांची, सही झाली होती. सोमवारी तोडफोड सुरू व्हायची होती आणि आठवडाभर पुस्तकं खोक्यांत भरून मी पार गळून गेलो होतो.

त्या आराखड्यातली एकच गोष्ट मला सलत होती. शेवटचं लोखंडी कपाट आणि खिडकीकडची भिंत यांच्यामध्ये एक पोर मावेल एवढी फट आहे. चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत तिथे बसून वाचते. वर्गात ती शब्दाशब्दाला अडते, म्हणून पोरांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलंय. समोर कुणाचा चेहरा असला की तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. कपाटामागे मात्र ती मोठ्याने वाचते. मी तिच्याकडे पाठ करून टेबलाशी बसतो आणि ती अडली की शब्द सांगतो. दिवसाला एक पान. वर्षभरात आम्हाला एवढंच साधलंय. नव्या आराखड्यात ती फट नव्हती.

भाचीला मी तीनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा तिने हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा म्हणाली, सगळीकडे नजर पोहोचली पाहिजे ही मोठ्या सरांचीच अट आहे. तिसऱ्यांदा वैतागली.

“मामा, तू लेकरांना कपाटामागे कोंबतोस आणि मी उजेड आणते, तर माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतोस?”

“कोंबत नाही गं. ती आपण होऊन शिरते.”

“मग आपण होऊन बाहेरही येईल.”

येईलही. पण कधी, ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी पुन्हा खोकी बांधायला घेतली.

शुक्रवारी ती शेवटची मापं घ्यायला आली. मोजायच्या पट्टीचं टोक कपाटाच्या कडेला अडकवून, पट्टी ओढत ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली, खोक्यांच्या ढिगाआड. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलगी आली आणि इकडेतिकडे न बघता आपल्या जागी शिरली. मी घाईने खुर्चीत बसलो आणि भाचीला हातानेच खूण केली, थांब.

पट्टी सोडली असती तर सटकन खडखडत परत आली असती, आणि ती पोर पुस्तक मिटून निघून गेली असती. भाची पट्टी ताणून धरून उभी राहिली.

“नदी... ओ... ओलां...”

“ओलांडताना,” मी म्हणालो.

“ओलांडताना.” तिने तो शब्द तीनदा म्हटला, मग पुढे सरकली. पानावर गाढवाची गोष्ट होती. एका ठिकाणी गाढव पाण्यात बसतं, तिथे ती स्वतःशीच हसली. भाचीचा दंड थरथरायला लागला होता. तिने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला, पण पट्टी सोडली नाही. सुट्टी संपत आली तेव्हा कुठे पान संपलं.

मुलगी गेल्यावर भाचीने पट्टी हळूहळू आत घेतली. मग खोक्यावर बसून खांदा चोळत राहिली.

“रोज एवढं?”

“कधी अर्धंच.”

तिने आराखडा उलगडला आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक रॅक आडवा काढला, माणसाएवढा उंच. त्यामागे जागा सोडली.

“दोन गाद्या कमी होतील,” ती म्हणाली. “मोठ्या सरांना तू सांग. माझं ते ऐकायचे नाहीत.”

कागद घेऊन मी दोन जिने चढलो. मधल्या वळणावर दम खायला थांबावं लागलं. मोठ्या सरांनी चष्मा लावून कोपरा पाहिला, गाद्या मोजल्या, आणि विचारलं, हे सगळं किती मुलांसाठी?

“एकीसाठी,” मी म्हणालो, आणि त्यांनी बसा म्हणायच्या आधीच समोरची खुर्ची ओढून बसलो. उभं राहवत नव्हतं, आणि ते नाही म्हणाले तर मला लगेच उठायचंही नव्हतं.